मवाळपणाचा हप्ता कोण भरतंय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत)

मी नऊ जणांच्या टीमची प्रमुख आहे. दीड वर्षापूर्वी याच टीममधून मला बढती मिळाली. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून काम केलं, त्यांचंच काम आता मी बघते. माझ्या आधीचे प्रमुख भयंकर कडक होते. त्यांच्या हाताखाली दोघं आजारी पडले, तिघं सोडून गेले. आपण असं वागायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मी रजा नाकारत नाही, कामाचे तास मोजत नाही, चुकलं तर चारचौघांत बोलत नाही. पण गेल्या तिमाहीत आमच्या दोन डेडलाइन चुकल्या. एका सहकाऱ्याच्या घरी मोठं आजारपण आहे, त्याला चार महिन्यांपासून मी सवलत दिली आहे. त्याचं बरंचसं काम टीममधली सगळ्यात हुशार मुलगी उचलते. ती कधी तक्रार करत नाही, पण हल्ली मीटिंगमध्ये बोलेनाशी झाली आहे. उरलेलं काम मी रात्री बसून संपवते. वरिष्ठ म्हणतात, 'तू फार मऊ आहेस, टीम डोक्यावर बसली आहे.' वातावरण हलकं व्हावं म्हणून मी दर शुक्रवारी खेळ-गप्पांचा तास सुरू केला, तर तिथे तीन-चार जणच येतात. तराजूसारखं झालंय, एक पारडं उचलायला जावं तर दुसरं खाली जातं. कडक होऊ की माणसं जपू?

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात: 'ती कधी तक्रार करत नाही.' मी तिथेच थांबले.

तुमचं आणि तुमच्या वरिष्ठांचं पटत नसलं तरी एका बाबतीत दोघांचं एकमत दिसतं. टीम सुखात आहे आणि त्यापायी काम मागे पडतंय, असं दोघंही धरून चालला आहात. मला पत्रातून वेगळंच चित्र दिसलं. एकाला सवलत मिळाली आहे. एकीच्या डोक्यावर दीड-दोन माणसांचं काम आहे. तुम्ही रात्री जागताय. उरलेल्या सात जणांबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तेव्हा आपण माणसं जपतोय हे तुमचं गृहीतकच आधी तपासायला हवं. एका माणसाला जपण्याचा हप्ता दुसरं माणूस भरतंय, आणि त्याला कुणी विचारलेलंही नाही.

यात तुमचा हेतू वाईट नव्हता, हे उघड आहे. काम अडलं की ते कुणाकडे जातं? जो 'हो' म्हणतो त्याच्याकडे. कुरकुर करणाऱ्याकडे जाताना आपण दोनदा विचार करतो, मुकाट करणाऱ्याकडे सरळ जातो. बहुतेक टीममध्ये हे घडतं आणि कुणी ठरवून करत नाही, म्हणूनच वर्षानुवर्षं चालतं. त्यात तुम्ही कालपर्यंत सगळ्यांच्या बरोबरीच्या होतात. जुन्या सोबत्याला 'हे तुलाच करावं लागेल' असं सांगणं जड जातं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड तुमची आणि भीक तिच्या वाट्याला, एवढाच फरक.

आता तुमचा तराजू. तो मनात बसला की उपाय दोनच उरतात, पिळा किंवा सोडा. पिळून काम वाढतं का, याचा एक चांगला नोंदलेला दाखला आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत कामगारांनी आठवड्याला किती तास काम केलं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी २०१४ साली त्या नव्याने तपासल्या. साधारण ५० तासांपर्यंत तासांबरोबर उत्पादन वाढत होतं. पुढे वाढ मंदावत गेली, आणि आठवड्याला ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. मधले १४ तास जवळजवळ फुकट. आणि ते होतं कारखान्यातलं, मोजता येणारं काम. डोक्याने करायच्या कामात थकलेला माणूस नुसता हळू होत नाही, तो चुका करतो, आणि त्या निस्तरण्यात आणखी कुणाचे तरी तास जातात. त्यामुळे वरिष्ठांच्या 'कडक हो' चा अर्थ 'जास्त वेळ बसव' असा असेल, तर तो सल्ला कामाच्या दृष्टीनेही तोट्याचा आहे.

पण तुमची बाजूही तपासू. रजा दिली, तास मोजले नाहीत, आवाज चढवला नाही, म्हणून माणसं बरी राहतात का? रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ साली मांडलेली एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. कामाचा रेटा किती आहे, एवढ्यावरच ताण ठरत नाही. त्या कामात माणसाच्या स्वतःच्या हातात किती आहे, यावरही तो ठरतो. रेटा भरपूर आणि हातात काहीच नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. तुमच्या आधीच्या प्रमुखांच्या वेळी तेच होतं आणि वर धाकही होता. तुम्ही धाक काढून टाकलात. ही गोष्ट लहान नाही. पण त्या चुकलेल्या दोन डेडलाइन कुणी ठरवल्या होत्या? करणाऱ्यांना 'एवढ्यात होईल का?' असं विचारलं होतं? मधेच काम वाढलं तेव्हा तारीख हलली होती? माझा अंदाज असा, की तारखा वरून आल्या, तुम्ही मान डोलावलीत आणि टीमला ताण नको म्हणून त्यांच्यापर्यंत अर्धंच पोचवलंत. अंदाज चुकला असेल तर आनंदच आहे.

सुरुवात सवलतीपासून करू, कारण सगळा गुंता तिथून सुरू झालाय.

घरी आजारपण असलेल्या सहकाऱ्याला सांभाळून घेतलंत हे योग्यच केलंत. ती सवलत काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तिला मुदत नाही, माप नाही आणि तिच्याबद्दल कुणी बोलतही नाही. चार महिने टीम बघतेय की एकाचं काम दुसरी करतेय. कारण सांगितलं नाही की लोक ते आपापलं शोधतात, आणि सहसा वाईटच शोधतात. त्या सहकाऱ्यालाही यात सुख नसणार. रोज थोडं काम राहून जाणं, आपला भार दुसरं कुणी ओढतंय हे कळणं, रोज मनातल्या मनात ओशाळणं, यानेही माणूस दमतो.

त्याच्याशी एकांतात बोला. साधारण असं: 'घरचं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढंच सांग. पुढचे दोन महिने तू पूर्ण वेळ काम करू शकणार नाहीस, असं धरूनच मी आखणी करते. आठवड्याला कोणतं काम तू हमखास देऊ शकशील ते तूच ठरव. कमी सांगितलंस तरी चालेल, पण सांगितलेलं झालं पाहिजे. दर पंधरा दिवसांनी आपण बसू, आणि दोन महिन्यांनी पुन्हा ठरवू.' ज्याला कधीही दवाखान्यात धावावं लागतं, त्याला उद्याच्या तारखेचं काम देऊ नका. चार दिवस मागेपुढे झाले तरी चालेल असं द्या. कंपनीत अशा प्रसंगासाठी रजेची किंवा कमी तासांची काही सोय असेल तर एचआरकडून लेखी करून घ्या. मग ती तुमच्या मर्जीवर राहत नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणावर वेळ आली तर त्यालाही तोच नियम लागतो. टीमला काय सांगायचं ते त्याच्याशी बोलूनच ठरवा. 'घरगुती कारणामुळे अमुक महिन्यापर्यंत याच्याकडे निम्मं काम असेल' एवढं पुरतं. आजाराचा तपशील कुणाला कळायची गरज नाही.

राहिलं त्याचं उरलेलं निम्मं काम. सवलत दिलीत तेव्हा टीमच्या एकूण कामातून तेवढं वजा करायला हवं होतं. ते झालं नाही. कंपनीने उचलायचा खर्च त्या मुलीच्या संध्याकाळींतून आणि तुमच्या रात्रींतून वसूल होत राहिला.

त्या मुलीशी बोलताना 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारू नका. ती 'हो' म्हणेल आणि तुमचं समाधान होईल. 'तुझ्यामुळेच टीम चालते' हेही नको. कानाला गोड लागतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून 'असंच चालू ठेव' एवढंच कळतं. त्यापेक्षा बोलायला बसण्याआधी चार महिन्यांत तिच्याकडे गेलेलं, मुळात तिचं नसलेलं काम लिहून काढा. ती यादी तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, 'हे मी तुला न विचारता देत गेले. यातलं काय आजच काढून घेऊ?' ती 'असू दे, चालेल' म्हणेल. (म्हणेलच.) तेव्हा निदान दोन कामं तुम्हीच निवडा आणि काढून घ्या. तिने आजवर केलेल्या जादा कामाची नोंद अप्रेझलमध्ये तिच्या नावावर, स्वच्छ शब्दांत जाऊ द्या. कदाचित ती चिडलेली असेल, कदाचित बाहेर मुलाखतीही देत असेल. तसं निघालं तर समजूत घालत बसू नका, ऐकून घ्या.

ती गप्प झाली यावरून तिला काय झालंय हे पत्र वाचून सांगता येत नाही, आणि ते ठरवणं तुमचंही काम नाही. तरी एक गोष्ट माहीत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली 'बर्नआउट'चं जे वर्णन केलं, त्यात तीन खुणा आहेत: अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटणं, कामापासून मनाने तुटणं किंवा त्याविषयी कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. यातली मधली खूण बाहेरून अगदी शांतपणासारखी दिसते. संघटनेने तिथे आजार हा शब्द वापरलेला नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याचा परिणाम, असं म्हटलंय. म्हणजे आधी बघायचं ते कामाकडे. मात्र झोप उडाली आहे, छातीत धडधडतंय, जगण्यातच मन लागत नाही असं ती म्हणाली, किंवा तुम्हाला स्वतःला तसं होत असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जायला हवं.

शुक्रवारचा तास बंद करा. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून २०२४ साली असं दाखवलं, की ताण हाताळण्याचे वर्ग, ध्यानाची ॲप अशा उपक्रमांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात फारसा फरक दिसत नाही. लोकांना त्या तासात हातातलं काम संपवून वेळेवर घरी जाऊ द्या. जे तीन-चार जण मनापासून येतात ते गप्पा मारायचं त्यांचं त्यांचं बघतील.

आता तुमच्या रात्री. त्यांच्याबद्दल तुम्ही अर्ध्या ओळीत लिहिलंय, पण माझ्या मते मूळ दुखणं तिथे आहे. तुमच्या तब्येतीचा प्रश्न आहेच. त्याहून मोठी अडचण ही, की ते तास कुठल्याच हिशेबात नाहीत. समजा, टीमला दहा कामं कमी पडताहेत आणि त्यातली आठ तुम्ही गुपचूप रात्री संपवता. वरिष्ठांना तूट दिसते दोनची. मग 'थोडा जोर लावला असता तर झालं असतं' असं त्यांना वाटलं, यात त्यांचं काय चुकलं? तुम्हाला मऊ ठरवायला लागणारा पुरावा तुम्हीच रोज रात्री तयार करताय.

आणि दोनची असो वा दहाची, तूट आळसामुळेच आली असं मानायचं कारण नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोनच्या वर्दळीचा अभ्यास मांडला. त्यातून रांगांचं गणित उभं राहिलं. त्यातला सगळ्यात साधा नमुना घ्या: काम करणारा एक, नवं काम कधी येईल आणि किती वेळ खाईल याचा नेम नाही. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर नव्या कामाला सरासरी ४ कामांच्या वेळेइतकं थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर ९ कामांच्या वेळेइतकं. ९५ टक्क्यांवर १९. माणसांच्या टीमला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण चढ तसाच असतो. आधीच भरलेल्या टीमवर आणखी थोडं काम टाकलं तर उशीर 'थोडा' वाढत नाही, एकदम वाढतो. माझ्या मते 'कुणाच्या हातात रिकामा वेळ दिसता कामा नये' हा आग्रह आणि 'एकही तारीख चुकता कामा नये' हा आग्रह एकाच माणसाने धरू नये. तुमचे वरिष्ठ बहुधा दोन्ही धरून आहेत, आणि आजवर त्यांना कुणी तसं दाखवून दिलेलं नाही.

दाखवायचं तुम्हाला. पण 'टीम थकली आहे' असं म्हणत जाऊ नका, ती त्यांना तक्रार वाटेल. एका पानावर हिशेब घेऊन जा. या तिमाहीतली कामं, प्रत्येकाला लागणारे दिवस (हा अंदाज करणाऱ्यांकडून घ्या, स्वतः ठरवू नका), आणि हातात असलेले दिवस. हातातले दिवस मोजताना नऊ माणसं म्हणजे नऊ माणसांचं काम असं धरू नका. ठरलेल्या रजा, निम्म्या कामावर असलेला सहकारी, मीटिंग आणि मधेच उपटणाऱ्या दुरुस्त्या वजा करा. तुमचे रात्रीचे तासही लिहा, 'गेल्या तिमाहीत हे मी भरून काढले, या तिमाहीत धरलेले नाहीत' अशा स्पष्ट शब्दांत. मग विचारा: 'यातली कोणती आधी हवीत? उरलेल्यांची तारीख पुढे न्यायची, त्यातला काही भाग गाळायचा, की आणखी माणूस मिळेल?' नवं माणूस आलं तरी पहिले काही आठवडे त्याला शिकवण्यात जुन्यांचाच वेळ जातो, हेही त्याच पानावर असू द्या.

ते म्हणतील, 'सगळंच आधी हवंय.' असं म्हणायची वरिष्ठांना सवय असते. वाद घालू नका. त्याच दिवशी मेल करा: 'आपल्या बोलण्यानुसार मी पुढील क्रम धरते आहे. शेवटची दोन कामं या तिमाहीत होणार नाहीत. बदल हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावं.' कडकपणा दाखवायची हौस असेल तर ती जागा ही आहे. तुमच्यासारख्या मधल्या फळीतल्या पुष्कळ जणांना खाली कठोर व्हायचं की मृदू, एवढाच प्रश्न पडतो. वर 'नाही' म्हणायचं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

खाली काहीच बदलायचं नाही असं मात्र नाही. चुकलं तर चारचौघांत बोलत नाही, असं तुम्ही लिहिलंत. एकट्याला गाठून बोलता का? पत्रावरून तरी वाटतं की तिथेही तुम्ही गप्पच बसता आणि चूक स्वतः दुरुस्त करून टाकता. एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करताना आढळलं, की ज्या टीम चांगल्या चालत होत्या त्यांच्या नोंदींत औषधांच्या चुका कमी नव्हत्या, जास्तच होत्या. कारण तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या. चूक निर्धास्तपणे सांगता येणं ही चांगल्या टीमची खूण आहे. ती कळल्यावर कुणी काहीच म्हणत नाही, ही नव्हे. दर आठवड्याला दहा मिनिटं एकच प्रश्न विचारा: 'कोणती तारीख चुकेल असं वाटतंय?' जो आधी सांगेल त्याचे आभार माना. तारीख उलटल्यावर सांगेल त्याला त्याच दिवशी, बाजूला घेऊन, सरळ विचारा. ते काम घरी नेऊन संपवू नका. काम का होत नाही हे विचारल्यावर कुणाला येत नाही म्हणून अडलंय, कुणाला जमण्यासारखी परिस्थिती नाही आणि कुणी खरोखरच टाळतंय, हे वेगवेगळं दिसू लागेल. पहिल्याला शिकवायचं, दुसऱ्याशी वर लिहिलं तसं बोलायचं. तिसरा तुमच्या त्या सात जणांत सापडला तर वरिष्ठांचं म्हणणं एका माणसापुरतं खरं निघालं असं समजा आणि त्याला अपेक्षा लेखी द्या. एकासाठी सगळ्यांवर कडक व्हायची गरज नाही.

रात्री बसणं एकदम थांबवू नका. आठवडाभर आधी टीमला आणि वरिष्ठांना, दोघांनाही कळवा. आणि वरिष्ठांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा: तुमचे रात्रीचे तास निघून गेले की पहिल्या तिमाहीत आकडे आधीपेक्षा खाली दिसतील. हे त्यांना तिमाही संपल्यावर कळलं तर ती तुमची सबब ठरेल. आधी सांगितलंत तर तोच आकडा पुढच्या आखणीचा पाया धरता येईल. त्या पानाच्या तळाशी तो अंदाज लिहा, खाली तारीख घाला, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.